घरबांधणी प्रश्नोत्तरे: बाहेरचे प्लास्टर कोणते करावे?

प्रश्न: नागपुरातील बेसा भागात आमच्या दुमजली घराचे काम सुरू आहे. विटा फ्लाय अ‍ॅशच्या आहेत. गवंडी म्हणतो, बाहेरून गुळगुळीत प्लास्टर करून पुट्टी मारू. आर्किटेक्ट सँडफेस, म्हणजे दाणेदार पृष्ठभागाचे सिमेंट प्लास्टर, सांगतात. घरच्यांना टेक्स्चर, म्हणजे नक्षीदार लेप, हवे आहे. काय करावे?

उत्तर: बाहेरच्या सगळ्या भिंतींना सँडफेस करा. टेक्स्चर हवेच असेल तर दर्शनी बाजूला, पोर्चखाली पाऊस थेट पोहोचत नाही एवढ्याच भागावर घ्या. बाहेर पुट्टी मात्र नकोच.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत तापत राहते. जूनमध्ये त्याच तापलेल्या भिंतीवर पहिला पाऊस आदळतो. भिंत दरवर्षी अशी फुगते आणि आकसते. गुळगुळीत पृष्ठभागावर त्याचा प्रत्येक तडा उठून दिसतो, आणि तड्यातून पाणी शिरले की पुट्टीचे पोपडे सुटतात. सँडफेसच्या दाण्यांत बारीक तडे नजरेला येत नाहीत, रंगही चांगला धरतो.

सँडफेस दोन थरांत होतो. पहिला १५ मिमी, १:४ प्रमाणाचा (एक भाग सिमेंट, चार भाग रेती), त्यात वॉटरप्रूफिंग कंपाउंड डब्यावरच्या मापाने. हा थर ओला असतानाच त्यावर आडव्या नागमोडी रेघा ओढा आणि किमान दोन दिवस पाणी मारा. मग ६ ते ८ मिमीचा दुसरा थर, तोही १:४, चाळलेल्या रेतीचा. तो थोडा आवळला की स्पंजने दाणे उठवायचे. त्यानंतर १४ दिवस पाणी. एका ब्रास भिंतीला, म्हणजे १०० चौरस फुटांना, पावणेदोन ते दोन पोती सिमेंट आणि सुमारे ९ घनफूट रेती लागते. गवंडी याहून बरेच कमी सिमेंट सांगत असेल तर प्रमाण विचारून घ्या.

काम करताना एका गोष्टीवर डोळा ठेवा. प्लास्टर ओले राहिले की काही गवंडी त्यावर कोरडे सिमेंट भुरभुरून रंध्याने (प्लास्टर घासायच्या लाकडी थापीने) घासतात. माल लगेच आवळतो, हात भराभर चालतो. पण वरची ती सिमेंटची पापडी खालच्या थरापेक्षा जास्त आकसते आणि महिन्याभरात भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे उमटतात. हे दिसले तर तिथेच थांबवा.

रेती कन्हान नदीची असो की आणखी कुठली, तपासल्याशिवाय घेऊ नका. काचेची बाटली अर्धी रेतीने भरा, पाणी आणि चिमूटभर मीठ घालून जोराने हलवा आणि तीन तास ठेवून द्या. वर बसलेल्या गाळाचा थर रेतीच्या थराच्या ८ टक्क्यांहून जाड असेल तर ती रेती परत पाठवा.

बीम-कॉलम आणि विटा जिथे भेटतात तिथे तडा ठरलेलाच, कारण दोन्ही वेगवेगळे फुगतात. त्या सांध्यावर एक फूट रुंद जाळी खिळ्यांनी ताणून बसवा, दोन्हीकडे अर्धा-अर्धा फूट. काँक्रीटला आधी टाचे मारा, म्हणजे छिन्नीने पृष्ठभाग खडबडीत करा. फ्लाय अ‍ॅशच्या विटा लाल विटांइतक्या भिजवू नका. थबथबलेल्या विटेवरून माल घसरतो. छज्जाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच ठेवायला सांगा, नाहीतर पाणी छज्जाखालून भिंतीवर ओघळत राहते.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या कामाचा उत्तम काळ. उन्हाळ्यातच करावे लागले तर पश्चिमेची भिंत सकाळी सावलीत घ्या आणि दुपारी तिच्यावर ओली पोती टांगा.

प्रश्न: मानेवाड्यातील आमच्या घराला दोन वर्षांपूर्वी बाहेरून पुट्टी मारून रंग दिला. आता पश्चिमेला पोपडे निघतात. फक्त रंग दिला तर चालेल का?

उत्तर: नाही. नवा रंग सुटणाऱ्या पुट्टीसोबतच गळून पडेल. आधी रंध्याच्या दांड्याने भिंत ठोकून पाहा. ‘ढब’ असा पोकळ आवाज येईल तिथले प्लास्टर विटेपर्यंत काढून नव्याने भरा. बाकी पुट्टी पटाशीने पूर्ण खरवडा. तडे व्ही आकारात उघडून अ‍ॅक्रिलिक क्रॅक फिलरने भरा. नव्या प्लास्टरला २८ दिवस सुकू द्या, मग बाहेरचा प्रायमर आणि वर ताण सहन करणाऱ्या इलॅस्टोमेरिक रंगाचे दोन हात. गच्चीच्या कठड्याचा माथा विसरू नका. पाणी बहुधा तिथूनच उतरते, म्हणून आधी तिथले तडे बुजवा आणि भिंतीला नंतर हात लावा.