गाडीतली शीळ कुठून येते?

प्रश्न : माझ्याकडे २०१४ची छोटी पेट्रोल गाडी आहे. दिवाळीत नवा डेक, डिकीत अँप (अँप्लिफायर) आणि सबवूफर बसवून घेतला. तेव्हापासून इंजिन चालू केलं की स्पीकरमधून बारीक ‘कुंऽऽई’ असा आवाज येतो आणि रेस दिली की तो चढत जातो. व्हॉल्यूम शून्यावर आणला तरी शीळ तेवढीच राहते. दुकानदाराने पुढचे दोन्ही स्पीकर बदलले, मग नॉइज फिल्टर लावला, तरी काही फरक नाही. आता तो म्हणतो डायनॅमो बदला. अँपची बॅटरीकडून येणारी लाल वायर आणि डेकमधलं गाणं अँपकडे नेणारी आरसीए केबल डाव्या दाराच्या उंबऱ्याखालून एकत्रच मागे नेली आहे. अर्थिंगची काळी वायर मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला लावली आहे. बदलू का डायनॅमो?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : थांबा, डायनॅमोला अजून हात लावू नका. निम्मं उत्तर तुमच्या पत्रातच आहे.

व्हॉल्यूमचं बटण डेकमध्ये असतं. शीळ त्याच्या आधी शिरत असती, तर गाण्याबरोबर तीही कमी झाली असती. तुमची होत नाही, म्हणजे ती बटणाच्या पुढे, आरसीए केबलच्या वाटेवर किंवा अँपपाशी शिरते आहे. स्पीकर मिळेल ते वाजवतो, त्याचा यात काही दोष नाही. त्यावर तुमचे पैसे गेले याचं मला खरंच वाईट वाटलं.

शीळ जन्मते मात्र डायनॅमोतच, आणि तो धडधाकट असला तरीही. त्यात तीन फेजचा एसी तयार होतो, डायोड त्याचा डीसी करतात, पण त्या डीसीवर बारीक लहर उरते. बहुतेक डायनॅमोत १२ चुंबकी पोल असतात आणि इंजिनच्या एका फेऱ्यात डायनॅमो साधारण अडीच फेरे घेतो. इंजिन ८०० आरपीएमवर असेल तर लहरीचे ठोके सेकंदाला सुमारे १२०० होतात, आणि २४०० आरपीएमला ३६००. कान नेमका याच पट्ट्यात तीक्ष्ण असतो. माझ्या वडिलांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान मिरजेत होतं, सतारमेकर गल्लीपासून जवळच. शेजारचे एक तंबोरा जुळवणारे आजोबा गाडी दुकानाकडे वळताना ऐकूनच सांगायचे, ‘‘सूर चढतोय बघ.’’ तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न तोच विचारते : सूर चढतो की एकाच जागी राहतो? चढत असेल तर उगम डायनॅमो. एकसारखी ‘सस्स’ येत असेल तर अँपचा गेन, म्हणजे आलेला आवाज किती मोठा करायचा ते ठरवणारं बटण, जास्त ठेवलाय. रेसबरोबर ‘टकटक’ जलद होत असेल तर स्पार्क प्लगकडची बाजू बघायची.

आता ती लहर गाण्यात कशी शिरते ते बघा. डेकचं अर्थिंग डॅशबोर्डमागे, अँपचं डिकीजवळ. मध्ये गाडीची बॉडी. दोन्ही अर्थिंग पक्की असतील तर दोन जागांमध्ये व्होल्टचा फरक जवळजवळ नसतो. मागचं अर्थिंग कच्चं असलं की अँपचा परतीचा करंट दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट असते आरसीए केबलची जाळी. त्या जाळीवरची लहर अँपला गाण्यासारखीच दिसते, आणि तो ती मोठी करून स्पीकरला देतो.

तुमच्याकडचा संशयित म्हणजे तो बोल्ट. अशीच एक गाडी माझ्याकडे आली होती. थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाचं धातूचं कडं, काढलं, तर खालचा रंग जसाच्या तसा. बोल्टच्या कडेला नखाएवढी एकच चकाकणारी रेघ होती, आणि अख्खा अँप तेवढ्यावर चालला होता. मल्टिमीटरची एक सुई अँपच्या काळ्या टर्मिनलला, दुसरी लांब वायरने बॅटरीच्या निगेटिव्हला लावून गाणं मोठं केलं, तर ०.४ व्होल्ट. तिथे ०.१च्या वर जाताच कामा नये.

सीटबेल्टच्या बोल्टखाली थिंबल कधीच घालू नका. त्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो, आणि त्याच्या आट्यांवर बऱ्याचदा लेप असतो, त्यामुळे अर्थिंगही धड मिळत नाही. आजच तो बोल्ट मोकळा करून कंपनीच्या हिशेबाने पुन्हा आवळून घ्या.

नवी जागा निवडण्याआधी एक खात्री करा. जाड वायरचा लांब तुकडा सीटवरून टाकून अँपचं काळं टर्मिनल थेट बॅटरीच्या निगेटिव्हला जोडा आणि इंजिन चालू करा. शीळ गेली, तर दुखणं अर्थिंगचंच. मग अँपपासून हात-दीड हाताच्या आत बॉडीचा जाड पत्रा शोधा, पॉलिश पेपरने रंग घासून रुपयाएवढी जागा लख्ख करा, थिंबल बोल्ट-नटने आवळा आणि वरून गंज लागू नये म्हणून ग्रीस लावा. काळी वायर लालइतकीच जाड हवी. भोक पाडायची वेळ आली तर आधी गाडीखाली वाकून बघा. छोट्या गाड्यांत पेट्रोलची टाकी बहुधा मागच्या सीटखालीच असते.

तरीही शीळ राहिली तर डेक आणि अँप दोन्ही बंद करून अँपच्या आरसीए पिना काढा. हे काम चालू सिस्टीमवर करू नका, काही डेकमध्ये आरसीएच्या निगेटिव्हचा नाजूक फ्यूज त्यानेच उडतो आणि मग शीळ कायमची मागे लागते. जुन्या आरसीए पिनेचा मधला खिळा आणि बाहेरचं कडं डाग देऊन जोडा, तशा पिना अँपच्या इनपुटला लावून इंजिन चालू करा. आवाज गेला तर अँप चांगला आहे, केबल किंवा डेककडे बघायचं. दुसरी आरसीए केबल सीटवरून, लाल वायरपासून दूर टाकून बघा. ती शांत वाजली तर जुनी उजव्या बाजूने न्या. लाल वायर डावीकडेच राहू द्या, फक्त तिला बॅटरीपासून हातभराच्या आत फ्यूज आहे ना, ते तपासा. नसेल तर शीळ बाजूला ठेवा, आधी फ्यूज.

डायनॅमोचं म्हणाल, तर इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. मीटर एसीवर ठेवून तिथेच ०.१ व्होल्टपेक्षा कमी दिसलं तर डायोड ठीक आहेत. जास्त दिसलं तरच डायनॅमो उघडायचा.

फिल्टर काढून टाका. आवाज येतोय कुठून हे न शोधता फिल्टर लावणं मला पटत नाही. आणि शेवटी गेन कमी करा. डेक पाऊण आवाजावर ठेवून, गाणं फाटायच्या आत जिथे पुरेसं वाटेल तिथे थांबा.

प्रश्न : मी मोबाइल ऑक्स केबलने लावते. चार्जर लावला की घरघर, काढला की शांत. चार्जर बदलू का?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चार्जर बदलून थोडा फरक पडेल, पण बहुधा पूर्ण जाणार नाही. मोबाइलला चार्जरमधून एक अर्थिंग मिळतं आणि ऑक्समधून दुसरं, दोन्ही मिळून करंटचा फेरा तिथेच पूर्ण होतो आणि घरघर गाण्यात शिरते. मोबाइल पॉवर बँकेवर लावून बघा. घरघर गेली तर ऑक्स केबलमध्ये लावायचा छोटा आयसोलेटर घ्या, तो गाणं जाऊ देतो पण दोन अर्थिंगमधला जोड तोडतो. त्याने खर्ज किंचित पातळ होतो, पण रोजच्या प्रवासात ते जाणवणार नाही. डेकला ब्लूटूथ असेल तर तेच वापरा, केबलच नको.