लिबर्टाडोरेसच्या फायनलमध्ये पहिल्या लेगला मोठी आघाडी मिळाली की दुसरी मॅच नावापुरतीच उरायची का?

तुम्ही विचारलंय की कोपा लिबर्टाडोरेसची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या फुटबॉल स्पर्धेची फायनल दोन लेगची (दोन्ही क्लबांच्या घरी एकेक मॅच) असायची, तेव्हा एखाद्या क्लबने घरच्या मैदानावर पहिली मॅच दोन-तीन गोलांनी मारली की दुसऱ्या मॅचमध्ये बघण्यासारखं काही उरायचं का? आणि उरत नसेल, तर २०१९ पासून एकच मॅच ठेवली हे बरंच झालं, नाही का?

काही वेळा तुमची शंका खरी ठरली आहे, हे आधी मान्य करतो. २००७ मध्ये अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सने ब्राझीलच्या ग्रेमिओला ब्वेनोस आइरेसमध्ये ३-० हरवलं आणि मग पोर्तो अलेग्रेला जाऊन पुन्हा २-० हरवलं. बोकाचा रिकेल्मे तेव्हा असा काही खेळत होता की दुसऱ्या मॅचला कुणाच्या मनात शंकाच नव्हती. पण नेमक्या पुढच्याच वर्षी, २००८ मध्ये, जी फायनल झाली ती बघितल्यावर माझं मत कायमचं ठरलं. मोठी आघाडी घेऊन परक्या मैदानावर जायचं हे फुटबॉलमधलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि ते काम बघायला मिळायचं ते या दोन लेगांमुळेच.

आधी नियम सांगतो, कारण तो बदलत गेलाय. १९६० मध्ये स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून १९८७ पर्यंत फायनलमध्ये गोलांची बेरीज नव्हतीच. जिंकलात की गुण, मग १-० असो की ५-०. दोघांनी एकेक मॅच जिंकली तर तिसरी मॅच त्रयस्थ शहरात. १९८७ मध्ये कोलंबियाच्या आमेरिका दे कालीने उरुग्वेच्या पेन्यारोलला २-० हरवलं, मॉन्टेव्हिडिओत पेन्यारोल २-१ जिंकलं आणि तिसरी मॅच सान्तियागोला गेली. तिथे जादा वेळेनंतरही बरोबरी राहिली असती तरच गोलफरक बघितला जाणार होता, आणि त्यावर कालीवाले चॅम्पियन होणार होते. अगदी शेवटच्या मिनिटाला दिएगो आगिरेने गोल मारला आणि कप पेन्यारोलकडे गेला. कालीची ती लागोपाठ तिसरी हरलेली फायनल. १९८८ पासून मात्र दोन्ही मॅचचे गोल एकत्र मोजायला लागले. आयएसएल (आपली इंडियन सुपर लीग) बघत असाल तर हे तुम्हाला नवीन नाही. २०२३ च्या सेमीफायनलमध्ये मुंबई सिटी पहिल्या लेगला घरी ०-१ हरली, बेंगळुरूत २-१ जिंकली आणि एकूण २-२ झाल्यावर लढत पेनल्टीवर गेली. तोच हिशोब.

आता २००८. एका बाजूला रिओचा फ्लुमिनेन्से, दुसऱ्या बाजूला इक्वेडोरची राजधानी क्विटोमधला एलडीयू, ज्याला तिकडे सगळे लिगा म्हणतात. इक्वेडोरच्या एकाही क्लबने तोपर्यंत हा कप उचलला नव्हता. ग्वायाकिलचा बार्सेलोना १९९० आणि १९९८ मध्ये फायनलपर्यंत पोहोचून हरला होता. फ्लुमिनेन्सेही पहिल्यांदाच फायनलला आलं होतं, पण काय वाटेने! क्वार्टर फायनलमध्ये साओ पाउलो आणि सेमीफायनलमध्ये गतविजेते बोका, दोघांनाही रिओच्या माराकाना स्टेडियमवर ३-१ हरवून. शिवाय हे दोन्ही क्लब साखळीत एकाच गटात होते. क्विटोत ०-० आणि रिओत फ्लुमिनेन्से १-० असे निकाल लागले होते. म्हणजे कोण कसं खेळतं हे दोघांना पुरतं ठाऊक.

क्विटो समुद्रसपाटीपासून साधारण २८५० मीटर उंचीवर आहे. आपलं महाबळेश्वर त्याच्या निम्मंसुद्धा भरत नाही. एवढ्या उंचीवर हवा विरळ असते, तिथे न राहणारा खेळाडू एक धाव घेऊन परत जागेवर येईपर्यंत धापा टाकतो, आणि चेंडूला हवेचा अडथळा कमी म्हणून लांबचा फटका गोलकीपरच्या अंदाजापेक्षा लवकर येऊन पोहोचतो. यात कुणाची लबाडी नाही, शहरच तिथे आहे. मी कोल्हापूरचा. आमच्या सगळ्या पेठांच्या टीमा एकाच शाहू स्टेडियमवर खेळतात, त्यामुळे घरचं मैदान आणि परकं मैदान यातला फरक एवढा टोकाचा असू शकतो हे मला दक्षिण अमेरिकेचं फुटबॉल बघायला लागल्यावरच कळलं.

२५ जूनला क्विटोत पहिली मॅच झाली. दुसऱ्याच मिनिटाला बिएलेरने लिगाला पुढे नेलं. थोड्याच वेळात कोंकाने बरोबरी केली, आणि मग हाफटाइमच्या आत लिगाचे आणखी तीन गोल झाले: गेरॉन, काम्पोस, उरुतिया. ४-१! त्यात उजव्या बाजूने धावणारा होफ्रे गेरॉन म्हणजे नुसतं वादळ होतं. उंच, दणकट आणि एवढा वेगवान की त्याच्यासमोरचा डिफेंडर आधीच दोन पावलं मागे सरकून उभा राहायचा. हाफटाइमनंतर थिआगो नेव्हेसने एक गोल फेडला आणि मॅच ४-२ वर थांबली.

तुमचा प्रश्न इथेच लागू होतो. दोन गोलांची आघाडी. संपलं का?

मध्ये एक आठवडा होता, आणि माझ्या मते तो आठवडाही फायनलचाच भाग होता. लिगाचे कोच एदगार्दो बाउसा यांच्यापुढे पेच असा, की बचाव करायचा तर नव्वद मिनिटं माराकानावर मार खायचा, आणि हल्ला करायचा तर मागे मोकळी जागा सोडायची. फ्लुमिनेन्सेचे कोच रेनातो गाउशो यांना मात्र एकच गोष्ट करायची होती, गोल. जो मागे आहे त्याला काय करायचं ते ठाऊक असतं आणि जो पुढे आहे त्याला दहा वेळा विचार करावा लागतो, हे या पद्धतीचं खरं मर्म.

२ जुलैच्या रात्री माराकानावर पाऊण लाखाहून जास्त माणसं होती. फ्लुमिनेन्सेच्या पाठीराख्यांची टीम मैदानात येताना पांढरी पावडर उधळायची जुनी परंपरा आहे. तो पांढरा धूर, त्यात मरून-हिरवे झेंडे, आणि पाहुण्या टीमला समोरचं काही धड दिसत नाही. अशात सहाव्या मिनिटाला बोलान्योसने लिगासाठी गोल केला. आता एकूण ५-२. फ्लुमिनेन्सेला नुसत्या बरोबरीसाठी तीन गोल हवेत.

आणि ते तिन्ही गोल एकाच माणसाने मारले. थिआगो नेव्हेस, वय २३. पहिले दोन अर्ध्या तासाच्या आत, आणि तिसरा हाफटाइमनंतर फ्री किकवरून. लिबर्टाडोरेसच्या फायनलच्या एकाच मॅचमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला खेळाडू. एकूण ५-५ झाले तेव्हा अजून अर्ध्या तासाहून जास्त खेळ बाकी होता. मला विचाराल तर फ्लुमिनेन्से तिथेच चुकलं. बरोबरी झाल्यावर त्यांचा जोर ओसरला. ज्या बेभानपणाने त्यांनी तीन गोल मारले, तो चौथ्यासाठी आणता आला नाही. आता हरण्यासारखं काहीतरी त्यांच्याही हातात आलं होतं. लिगाला उलट मोकळं झाल्यासारखं झालं. जादा वेळेत दोन्हीकडे खेळाडू पाय ओढत होते आणि गेरॉन तरीही धावत होता.

इथे नियमाची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. त्या काळी आधीच्या बाद फेऱ्यांमध्ये एकूण बरोबरी झाली तर परक्या मैदानावरच्या गोलांना जास्त वजन होतं. लिगा स्वतः सेमीफायनलमध्ये त्याच नियमावर वाचलं होतं: मेक्सिकोच्या आमेरिकाविरुद्ध तिकडे १-१, घरी ०-०. फायनलला मात्र हा नियम नव्हता. असता, तर ५-५ वर फ्लुमिनेन्से जिंकलं असतं, कारण त्यांचे क्विटोत दोन गोल आणि लिगाचा रिओत एकच. म्हणजे क्विटोत थिआगो नेव्हेसने मारलेला तो एक गोल आधीच्या फेरीत असता तर निकाल फिरवून गेला असता, आणि फायनलमध्ये तो फक्त बेरजेतला एक गोल ठरला. फायनलला हा नियम नव्हता हे मला योग्यच वाटतं. त्यामुळे माराकानावरच्या तिन्ही गोलांची किंमत पूर्ण राहिली आणि लिगालाही अखेरपर्यंत जागा राहिली.

मग पेनल्टी. लिगाच्या गोलमध्ये होसे फ्रान्सिस्को सेवायोस, वय ३७. हाच सेवायोस १९९८ मध्ये बार्सेलोनाच्या गोलमध्ये होता, जेव्हा रिओच्याच वास्को द गामाने त्यांना दोन्ही लेगांत हरवलं होतं. दहा वर्षांनी तो पुन्हा फायनलमध्ये, समोर पुन्हा रिओचाच क्लब. त्याने कोंकाची पेनल्टी अडवली. मग थिआगो नेव्हेसची, म्हणजे ज्याने त्याच्या जाळ्यात त्या रात्री तीन चेंडू घातले होते त्याची. लिगाकडून काम्पोसची हुकली, फ्लुमिनेन्सेकडून सिसेरोने गोल केला आणि जराशी आशा वाटायला लागली. शेवटी वॉशिंग्टन पुढे आला. हृदयाच्या आजारातून उठून पुन्हा मैदानात आलेला हा स्ट्रायकर, २००४ मध्ये ब्राझीलच्या लीगमध्ये त्याने ३४ गोल केले होते, आणि साओ पाउलोविरुद्ध ऐन शेवटच्या क्षणी हेडर मारून फ्लुमिनेन्सेला पुढे नेणारा तोच. सेवायोसने त्याचीही अडवली. पेनल्टीवर ३-१, आणि इक्वेडोरला पहिला लिबर्टाडोरेस. सेवायोस पुढे देशाचा क्रीडामंत्री झाला.

आता कुणी म्हणेल की एवढं करून पहिल्या लेगला पुढे असलेला क्लबच जिंकला ना! बरोबर. पण ४-२ ची आघाडी घेऊन आलेला क्लब एकशेवीस मिनिटांनंतर आणि पेनल्टींच्या चौथ्या फेरीत जिंकतो, तेव्हा त्या आघाडीचा आधार किती होता ते तुम्हीच बघा.

हेच पुन्हा घडलं, आणि तेही पुढच्याच वर्षी. २००९ च्या कोपा सुदामेरिकानाच्या, म्हणजे खंडातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या क्लब स्पर्धेच्या फायनलमध्ये परत हेच दोन क्लब. क्विटोत लिगा ५-१! एदिसन मेंदेसची हॅट्ट्रिक. चार गोलांच्या आघाडीनंतर तुम्ही टीव्ही बंद केला असता, तर मी तुम्हाला दोष दिला नसता. माराकानावर फ्लुमिनेन्सेने ३-० मारले आणि एका गोलाने कप गेला. त्याच दिवसांत ते ब्राझीलच्या लीगमध्ये खालच्या श्रेणीत ढकलले जाऊ नये म्हणून झगडत होते, आणि त्यातून ते वाचलेही.

एक मॅच का केली, याबद्दल थोडक्यात. कोनमेबोलला, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेला, युरोपच्या चॅम्पियन्स लीगसारखी आधीच ठरलेल्या शहरात, आधीच ठरलेल्या तारखेला होणारी फायनल हवी होती. निर्णय २०१८ च्या सुरुवातीलाच झाला होता. त्यामुळे रिव्हर प्लेट आणि बोका यांच्या फायनलमध्ये बसवर हल्ला होऊन दुसरा लेग थेट माद्रिदला न्यावा लागला म्हणून पद्धत बदलली, असं जे सांगितलं जातं ते खरं नाही. ती मॅच नोव्हेंबर-डिसेंबर २०१८ मधली. सोयीचा मुद्दा मला समजतो. पण या खंडात अंतरं प्रचंड आहेत, सगळ्यांना प्रवास परवडत नाही, आणि घरच्या मैदानावर फायनल बघणं हे कितीतरी लोकांसाठी आयुष्यात एकदाच येणारं भाग्य होतं. ते काढून घेतलं याचं मला खरोखर वाईट वाटतं. २०२३ मध्ये फ्लुमिनेन्सेने अखेर बोकाला २-१ हरवून लिबर्टाडोरेस जिंकला, आणि ती एकमेव मॅच आधीपासून माराकानासाठीच ठरलेली होती. बोकाला स्वतःच्या मैदानावर बोलवायची संधीच नव्हती.

तुम्हाला दोन लेगची लढत आजही बघायची असेल तर रेकोपा बघा. लिबर्टाडोरेस आणि सुदामेरिकाना जिंकणाऱ्या क्लबांमध्ये होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे कोण आमनेसामने आले असतील? लिगा आणि फ्लुमिनेन्से. क्विटोत लिगा १-० जिंकलं, माराकानावर पाऊण तास उलटून गेला तरी गोल नव्हता, आणि शेवटच्या वीस मिनिटांत फ्लुमिनेन्सेच्या जॉन आरियासने दोन मारले. या वेळी कप रिओत राहिला.