सोलापूर: वडील ७४ वर्षांचे, शुद्धीवर आहेत, घरी तेलुगूच बोलतात. खुब्याच्या ऑपरेशनच्या संमतीपत्रावर मुलाची सही चालते का?

नाही, वडिलांना सगळं समजतंय तर संमती त्यांचीच हवी; तुम्ही फार तर साक्षीदार म्हणून सही करा. समीरा कोहली खटल्यात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान रुग्णाच्या आईने दिलेली संमतीसुद्धा ग्राह्य धरली नाही. ऑपरेशन कशासाठी, धोके काय, दुसरा इलाज कोणता, नाही केलं तर काय होईल, हे डॉक्टरांनी वडिलांनाच सांगायचं. तेलुगू येणाऱ्या सिस्टरना आवर्जून बोलवा; सोलापुरात त्या सहज भेटतात. मग, "अप्पा, काय करणार आहेत ते तुम्हीच सांगा बघू," असं विचारा. म्हातारी माणसं डॉक्टरांसमोर भिडेपोटी मान डोलावतात, त्यावर जाऊ नका. रुग्ण बेशुद्ध आणि जिवावर बेतलेलं असेल, तर मात्र डॉक्टर संमतीसाठी थांबत नाहीत.