ओव्हन नसताना, सोलापुरात मिळणाऱ्या सामानात, व्हाईट कॅसलसारखे स्लायडर घरी कसे करता येतील?

करता येतात, आणि ओव्हन नाही तेच बरं आहे. तुम्ही लिहिलंय की मुलाच्या वाढदिवसाला त्या अमेरिकन चेनसारखे छोटे चौकोनी बर्गर हवेत, गोमांस वापरायचं नाही, निम्मे पाहुणे शाकाहारी आहेत आणि व्हिडिओत दाखवतात ते गोड बन सोलापुरात कुठे मिळतात ते माहीत नाही. बनचा शोध आधी थांबवा. बाकीचं सांगतो.

स्लायडर म्हणजे लहान आकाराचा बर्गर असं धरून लोक कामाला लागतात आणि तिथेच गाडी रुळावरून उतरते. बर्गरची टिक्की कोरड्या तापलेल्या तव्यावर खरपूस भाजतात. व्हाईट कॅसलची टिक्की भाजतच नाहीत. तव्यावर ओल्या कांद्याचा थर, त्यावर पातळ टिक्की, तिच्यावर पाव, आणि सगळं कांद्याच्या वाफेवर शिजतं. टिक्की उलटायचीसुद्धा नाही. म्हणून तो पाव वरून मऊ, आतून किंचित ओलसर आणि कांद्याच्या वासाने भरलेला असतो. हे पटलं की लक्षात येतं, यात मांसापेक्षा कांदा आणि झाकण महत्त्वाचं. सोलापुरात राहून कांद्याची काळजी करायचं कारण नाही. हिवाळ्यात आपल्या सिद्धेश्वर बाजार समितीत कांद्याच्या गाड्यांची रांग लागते ती तुम्ही पाहिलीच असेल.

थोडी पार्श्वभूमी, कारण तिचा पाककृतीशी संबंध आहे. ही चेन १९२१ साली अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावी सुरू झाली. वॉल्टर अँडरसन हा स्वयंपाकी, बिली इंग्रॅम हा त्याचा भागीदार, आणि बर्गरची किंमत पाच सेंट. त्या काळी तिथले लोक खिमा म्हटलं की नाक मुरडायचे. त्यात काय काय दळलंय कोण जाणे, अशी शंका. म्हणून यांनी दुकानं पांढरीशुभ्र ठेवली आणि सगळं काम गिऱ्हाइकासमोर केलं. टिक्कीला पाच भोकं पाडायची पद्धत १९५४ पासूनची. भोकांतून वाफ वर येते, टिक्की वरपर्यंत शिजते आणि उलटायचा वेळ वाचतो.

आता मांस. गाय-बैलाचं मांस राज्यात २०१५ पासून बंदच आहे, आणि मॅकडोनाल्ड्ससुद्धा १९९६ मध्ये भारतात आलं ते बीफ बाजूला ठेवूनच. त्यामुळे बोकडाचा खिमा घ्यायचा. अडचण एकच: आपल्याकडचं मटण चरबीला कमी असतं आणि चरबी नसलेली पातळ टिक्की वाफेवर चामड्यासारखी होते. मटणाच्या दुकानात मांडीचं चारशे ग्रॅम मटण आणि शंभर ग्रॅम गुर्द्याची चरबी मागा आणि दोन्ही एकत्र करून मशीनमधून दोनदा काढायला सांगा. समोर उभं राहून काढून घ्या. आधीच काढून ठेवलेला खिमा वाढदिवसाच्या जेवणाला तरी नको.

खिम्यात काहीही घालायचं नाही. आलं-लसूण नको, गरम मसाला नको, अंडं नको, ब्रेडचा चुरा तर नकोच. हे सोलापुरी हाताला जड जातं, मला माहीत आहे. घरातलं कोणीतरी येऊन हळूच काळा मसाला टाकून जाईल, लक्ष ठेवा. मसाला पडला की तो खिमा-पाव होतो. खिमा-पावाशी माझं भांडण नाही, पण तुम्ही विचारलंय वेगळं. मीठसुद्धा खिम्यात मिसळू नका, मीठ घालून मळलं की खिमा रबरासारखा ताणतो. ते नंतर वरून.

पाचशे ग्रॅम खिम्याच्या सोळा टिक्क्या होतात. खिम्याचे दोन भाग करा. एक भाग प्लॅस्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून लाटण्याने फूटभर लांब, अर्धा फूट रुंद, अर्धा सेंटीमीटर जाड असा लाटा. वरचा कागद काढा आणि शंकरपाळ्यासाठी पोळी कापतो तशा सुरीने रेघा मारून आठ चौकोन करा. प्रत्येक चौकोनाला पाच भोकं: चार कोपऱ्यांशी, एक मध्ये. शीतपेयाची नळी याला उत्तम, खुपसून फिरवली की खिम्याची गोळी नळीत अडकून वर येते. मग ट्रेसकट फ्रीझरमध्ये. तासाभरात चौकोन कडक होतात आणि रेघेवरून मोडून सुटे करता येतात. एप्रिल-मेमध्ये करणार असाल तर लाटण्याआधीही खिमा अर्धा तास फ्रीजमध्ये गार करा. आपल्या उन्हाळ्यात चरबी हातातच वितळायला लागते आणि टिक्कीचा चिकट गोळा होतो.

चौकोन पावापेक्षा थोडे मोठेच हवेत, शिजताना आक्रसतात. गोल टिक्की करू नका. चौकोनी टिक्क्या तव्यावर एकमेकींना चिकटून बसतात, मधली जागा वाया जात नाही आणि वाफ पळत नाही.

पाव म्हणजे आपला रोजचा लादी पाव. त्या गोड बनच्या मागे लागून मॉलमध्ये तीळ लावलेले बर्गर बन आणाल तर ते फार जाड निघतात, वाफ आतपर्यंत जात नाही. लादी पाव आकाराला नेमका बसतो, कडेला साल नसल्याने वाफ लगेच पितो. फक्त ताजा-गरम नको. आदल्या संध्याकाळची लादी घ्या. बेकरीतून नुकता आलेला पाव वाफेखाली बसतो आणि त्याचा लगदा होतो. लादी सुटी न करता, दातेरी सुरीने आख्खी आडवी कापून ठेवा. आयत्या वेळी काम झटपट होतं.

कांदा. व्हाईट कॅसल वाळवलेला कांदा पाण्यात भिजवून वापरते, त्यामुळे त्याला तिखटपणा कमी आणि गोडसर वास जास्त. वाळवलेला कांदा आपल्या देशातच ढिगाने तयार होतो, गुजरातमध्ये महुव्याला आणि इकडे जळगावला, पण किरकोळ दुकानात शोधत फिरण्याइतका त्यात अर्थ नाही. तीन मध्यम कांदे अगदी बारीक चिरा, पांढरा मिळाला तर तो, कारण लाल कांदा शिजून करडा दिसतो. चिमूटभर मीठ आणि दोन वाट्या पाणी घालून चार मिनिटं उकळा. उग्रपणा निघून जातो. ते पाणी फेकू नका, सगळी वाफ त्याचीच करायची आहे.

आता तवा. भाकरीचा किंवा डोशाचा जाड लोखंडी तवा घ्या. नॉनस्टिकवरही होतं, पण लोखंडावर कांद्याचा तळ जरा तांबूस होतो तो चांगला लागतो. झाकण म्हणून उपडी परात किंवा खोल पातेलं, जे तव्याच्या कडेपर्यंत बसेल ते. मध्यम आचेवर चमचाभर तेल, त्यावर कांदा त्याच्या थोड्या पाण्यासकट पसरा, टिक्कीखाली बोटभर नव्हे, दाण्याला दाणा लागेल इतकाच पातळ थर. बुडबुडे यायला लागले की फ्रीझरमधल्या टिक्क्या तशाच गार, शेजारी शेजारी मांडा. वरून मीठ आणि जाडसर मिरपूड.

दोनेक मिनिटं नुसतं बघा. कडा गुलाबीच्या करड्या होतात, मग तो करडेपणा आत सरकतो, आणि भोकांतून कांद्याचं पाणी वर बुडबुडायला लागतं. तीच वेळ पाव ठेवायची. आधी खालचा अर्धा भाग, कापलेली बाजू टिक्कीवर. त्याच्यावर वरचा अर्धा भाग. कडेने अर्धी वाटी कांद्याचं पाणी सोडा आणि लगेच झाकण घाला. चार-पाच मिनिटं झाकण उघडायचं नाही. मटणाला बीफपेक्षा थोडा जास्त वेळ द्यावा लागतो, आणि खिमा कच्चा राहणं मुलांच्या पार्टीत परवडणारं नाही. कानाने समजतं: पाणी असेपर्यंत तव्याचा आवाज भरीव, खदखदता असतो, पाणी संपलं की तो बारीक, तडतडता होतो. तडतड सुरू झाली की उघडा. पहिल्या तव्यातली एक टिक्की मोडून बघा, मधोमध गुलाबी दिसता कामा नये.

काढण्याची एक युक्ती आहे. वरचा पाव उचलून बाजूला ठेवा. पातळ उलथनं कांद्याच्याही खाली सारा, दुसऱ्या हाताचा पंजा खालच्या पावावर ठेवा आणि सगळं एकदम उलटं करा. आता पाव खाली, टिक्की मध्ये, आणि शिजलेला कांदा आपोआप वर. त्यावर काकडीच्या लोणच्याची एक चकती, वरचा पाव, झालं. चीज हवं असेल तर चीज स्लाइस चार तुकड्यांत कापून एक तुकडा कांद्यावर ठेवा, गरमीने विरघळतं. सॉस, मेयोनीज, टोमॅटो, कोबी यांचं इथे काही काम नाही. मुलांना केचप लागतोच, तो बाजूला वाटीत द्या.

काकडीच्या लोणच्यावर मात्र थोडे कष्ट घ्या, कारण चरबी आणि मऊ पाव यांना तोडणारं आंबट दुसरं काही त्यात नसतं. परदेशी लोणच्याला जो वास असतो तो शेपूचा. आपण मूगडाळ घालून भाजी करतो तोच शेपू. कोवळ्या काकडीच्या पातळ चकत्या बरणीत भरा. एक वाटी पाणी, एक वाटी पांढरं व्हिनेगर, दोन चमचे मीठ, एक चमचा साखर, ठेचलेल्या दोन लसूणपाकळ्या, चार मिरे हे उकळून गार करा, बरणीत ओता आणि शेपूच्या तीन-चार काड्या दाबून घाला. एक रात्र फ्रीजमध्ये. शेपू बघितला की पळणारी माणसंही हे खातात.

शाकाहारी पाहुण्यांना दुय्यम काही देतोय असं वाटून घेऊ नका. व्हाईट कॅसलने स्वतः २०१८ पासून वनस्पतीजन्य टिक्कीचा स्लायडर ठेवला आहे. घरी करायचा तर बटाटेवड्याचं सारण वापरू नका, वाफेवर ते पसरतं. सोयाबीनचा बारीक चुरा दोन वाट्या, गरम पाण्यात भिजवून मुठीने घट्ट पिळा, अगदी कोरडा वाटेपर्यंत. त्यात एक उकडलेला बटाटा, तीन चमचे डाळ्याचं पीठ, मीठ, मिरपूड आणि चमचाभर लोणी. पातळ चौकोन थापा, भोकं पाडायची गरज नाही. इथे पद्धत बदलते: या टिक्क्या आधी दोन्ही बाजूंनी तांबूस भाजून घ्यायच्या, मग कांद्याच्या थरावर ठेवून पाव आणि झाकण, फक्त दोन मिनिटं. न भाजता थेट वाफेवर ठेवल्या तर सोयाचा कच्चट वास राहतो. तवा आणि उलथनं वेगळं ठेवा, हे सांगायला नकोच. कांदाच न खाणारे कोणी असतील तर त्यांच्यासाठी दुसरं काहीतरी करा, कांद्याशिवाय या पदार्थात उरतं काय?

चिकनचं विचाराल म्हणून आधीच सांगतो. छातीचा खिमा कोरडा होतो, तंगडीचा घ्या आणि थोडं लोणी मिसळा. चालतं, पण मटणाची मजा नाही.

पार्टीचा हिशेब असा: मुलाला दोन, मोठ्याला चार धरा. त्या चेनची जुनी जाहिरातच पिशवी भरभरून घेऊन जा अशी होती, एकावर कोणी थांबत नाही. एका तव्यावर एका वेळी सहा-सात बसतात, म्हणून दोन शेगड्यांवर दोन तवे लावा. टिक्क्या दोन दिवस आधी करून फ्रीझरमध्ये ठेवता येतात, लोणचं आदल्या दिवशी, कांदा सकाळी. पाहुणे आल्यावर फक्त तवा चालवायचा. आधी करून डब्यात भरून ठेवू नका. बोकडाची चरबी गार होताच थिजते आणि टाळ्याला चिकटते. उरलेच तर मोदकपात्रात तीन मिनिटं वाफवा.

आणि हो, मोठ्यांच्या ताटात शेंगाचटणी येणारच. सोलापुरात ती कुठल्या पदार्थाला चुकली आहे? उखळात कुटलेली, तेल सुटलेली असेल तर वरच्या पावाला आतून पातळ लावा आणि तेवढ्या स्लायडरमधून चीज वगळा. व्हाईट कॅसलची नक्कल तिथे संपते, पण माझ्या घरात पहिल्यांदा तेच संपतात.