घड्याळाचं चित्र आणि डावीकडची कोशिंबीर

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. आबांना डाव्या अंगाचा पक्षाघात झाला, मानसतज्ज्ञांनी दोन तास बसवून त्यांच्याकडून घड्याळाचं चित्र काढून घेतलं, शब्दांच्या याद्या म्हणून घेतल्या, आणि तेव्हापासून टी.वाय.ला मानसशास्त्र घेतलेली तुमची लेक म्हणते, मला हेच करायचंय. तुम्ही विचारता, सहा महिन्यांच्या ऑनलाइन डिप्लोमावर भागेल का, आणि थेरपीत नुसतं बोलायचं तर त्याचे पैसे कोण देतं?

डिप्लोमावर भागणार नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (आबांना तपासणारे तसे मानसतज्ज्ञ) व्हायचं तर आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. आजवर एम.ए. करून पुढे रुग्णालयात देखरेखीखाली दोन वर्षांचं एम.फिल. करायचं, अशी वाट होती. नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. मागे पडतंय, नवे अभ्यासक्रम येतायत. त्यामुळे जाहिरातींवर जाऊ नका, परिषदेच्या संकेतस्थळावरची चालू वर्षाची मान्यताप्राप्त संस्थांची यादी बघा. बंगळुरूचं निम्हान्स (राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्था), रांचीची केंद्रीय मनोचिकित्सा संस्था इथे जागा मोजक्या असतात आणि प्रवेश परीक्षेत चुरस असते. संख्याशास्त्राचा कंटाळा करून चालणार नाही, हेही लेकीला आत्ताच सांगा.

आता त्या घड्याळाकडे येतो, कारण तुम्हाला तो पोरखेळ वाटलेला दिसतो. 'अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा' असं बहुतेकदा सांगतात. मोठा काटा दोनावर न्यायचा असतो, पण 'दहा' ऐकलं की काही रुग्ण तो सरळ दहावरच नेतात. काही जण बाराच्या बारा आकडे उजव्या अर्ध्यात कोंबतात. त्यांची नजर शाबूत असते, मेंदू डावी बाजू जमेस धरत नाही. तुम्ही जाता जाता लिहिलंय की आबा हल्ली चटणी-कोशिंबीर टाकतात, भाजी-आमटी मात्र संपवतात. आपल्या ताटात चटणी-कोशिंबीर कुठल्या बाजूला वाढतात? मी आबांना पाहिलेलं नाही, निदान करणार नाही. पण ही गोष्ट त्या मानसतज्ज्ञांना जरूर सांगा आणि एकदा ताट फिरवून बघा.

चाचणीतल्या नुसत्या गुणांवर काही ठरत नाही. चौथी शिकलेल्या माणसाचे गुण पदवीधराच्या मापाने मोजले तर चांगला शहाणा माणूस आजारी ठरेल. म्हणून निम्हान्सच्या चाचणीसंचात वय, शिक्षण पाहून वेगळे निकष लावतात.

आणि थेरपीतलं ते 'नुसतं बोलणं' चाचण्यांच्या याच कागदावरून ठरतं. रुग्णाला नवं लक्षात राहत नसेल तर भेट छोटी ठेवायची, ठरलेलं त्याच्याच वहीत लिहून घ्यायचं. पक्षाघातानंतर उदासी येते, चिडचिड होते; घरच्यांना तो हट्ट वाटतो. तो हट्ट आहे, मेंदूची इजा आहे की मनाचं दुखणं, हे उलगडायला चाचणी आणि थेरपी, दोन्ही हातचं लागतं. आवाज गोड आहे, लोक माझ्याशी मोकळं बोलतात, एवढ्या भांडवलावर या कामात पडलेली मुलं मी पाहिली आहेत. वर्षभरात थकतात.

लेकीने सुट्टीत जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाऊन तिथल्या मानसतज्ज्ञांना भेटावं, दिवस कसा जातो ते विचारावं. फॉर्म त्यानंतर भरा.

आबांच्या ताटाचं काय झालं, तेही कळवा.