छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात व्हायोलिन: कोण शिकवणार ते आधी विचारा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. लेकीला बायॉलॉजी करायचंय पण व्हायोलिन सोडायचं नाहीये, अ‍ॅडमिशन मिळालेलं अमेरिकेतलं लिबरल आर्ट्स कॉलेज (म्हणजे विज्ञान, कला, भाषा सगळंच शिकवणारं पदवी कॉलेज) छोटं आहे आणि व्हायोलिन शिकवणाऱ्या बाई तिथे पार्टटाइम आहेत, म्हणून तुमच्या मनात शंका आहे. पार्टटाइमला घाबरू नका, आधी एवढंच सांगतो.

अशा कॉलेजांत पूर्णवेळ म्युझिक प्रोफेसर मोजकेच असतात. ते थिअरी, हिस्ट्री, कंपोझिशन शिकवतात, ऑर्केस्ट्रा आणि क्वायर (समूहगायनाचा वृंद) बघतात. वाद्यं एकेकट्याला शिकवणारे बहुतेक बाहेरून येतात, कारण ओबो (फुंकून वाजवायचं वाद्य) शिकणारी दोनच मुलं असतील तर कॉलेज त्यासाठी पूर्णवेळ माणूस ठेवणार कसा? आणि हे लोक बाहेर काय करतात तर जवळच्या शहरातल्या ऑर्केस्ट्रात वाजवतात, कोणाचा स्वतःचा क्वार्टेट (चौघा वादकांचा संच) असतो. म्हणजे शनिवारी स्टेजवर वाजवणारी बाई मंगळवारी तुमच्या मुलीचा बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, धरलेला हात बघते. आपल्याकडे मैफली करणारे गवई घरी शिकवण्या करत आले तसंच जवळपास. मला तर ही या कॉलेजांची सगळ्यात मोठी श्रीमंती वाटते.

त्रास होतो तो दुसरीकडे. यातल्या बऱ्याच जणांना विद्यार्थ्यांच्या संख्येवर किंवा तासावर पैसे मिळतात, पुढच्या वर्षाची खात्री नसते, चांगली नोकरी मिळाली की जातात, आणि त्यांना दोष तरी कसा देणार. आमचा मुलगा एका छोट्या कॉलेजात केमिस्ट्री करत चेलो शिकला, तिसऱ्या वर्षी त्याचे सर दुसऱ्या राज्यात गेले आणि नवीन शिक्षक मिळेपर्यंत अर्धं सेमिस्टर गेलं. मोठ्या म्युझिक स्कूलमध्ये एका वाद्याला तीन-चार शिक्षक असतात, इथे एकच, त्यामुळे सूर जुळला नाही तर दुसरा दरवाजा नाही.

पण जिथे चांगली माणसं टिकली तिथे काय होतं ते बघा. मिनेसोटातल्या नॉर्थफील्डचं सेंट ओलाफ, साधारण तीन हजार मुलांचं कॉलेज. तिथला क्वायर एफ. मेलियस क्रिस्टियनसेन या नॉर्वेहून आलेल्या व्हायोलिनवादकाने १९१२ साली उभा केला आणि तेव्हापासून १९९० पर्यंत त्याला फक्त तीन संचालक लाभले, दुसरा तर त्यांचाच मुलगा. क्वायरमध्ये म्युझिक सोडून भलतेच विषय शिकणारी मुलंही गातात, आणि त्याचं नाव अमेरिकाभर आहे.

दुसरं, कनेक्टिकटमधलं वेस्लियन. तिथे म्युझिकमध्ये पीएचडीपण होते त्यामुळे अगदी तुमच्या कॉलेजासारखं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. भरतनाट्यम नर्तिका बालसरस्वतींचे भाऊ, वीणावादक वीणा धनम्माळ यांचे नातू टी. रंगनाथन १९६३ साली मृदंगम शिकवायला तिथे आले, नंतर दुसरे भाऊ टी. विश्वनाथन बासरी आणि गायन शिकवायला आले ते २००२ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत तिथेच होते. हे दोघं वर्गात शिकवायचे आणि त्याच कॅम्पसवर मैफलीही करायचे. तिथेच शिकलेले जॉन हिगिन्स कर्नाटक संगीत असं गायले की दक्षिणेतले रसिक त्यांना भागवतर, म्हणजे मानाने गवई, म्हणायला लागले! गेली अनेक वर्षं तिथे नवरात्रीचा संगीत महोत्सव होतो, मी जमेल तसा जातो, आणि पुढच्या रांगेत फिजिक्सवाली, इकॉनॉमिक्सवाली पोरं हातावर ताल धरून बसलेली असतात ते बघून फार बरं वाटतं.

आता तुमच्या लेकीचं. कॉलेजात मास्टर्स करणारी मुलं नसतील तर ऑर्केस्ट्रातल्या पुढच्या खुर्च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षालाच मिळू शकतात, हा मोठा फायदा. तिला म्युझिक आणि बायॉलॉजी दोन्हींच्या डिग्र्या हव्या असत्या तर ओबर्लिन, लॉरेन्स, बार्ड या कॉलेजांत पाच वर्षांचा प्रोग्रॅम असतो, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून तिला तसं करायचं नाहीये, मग उगाच त्या वाटेला जाऊ नका, फार दमवणारी वाट आहे.

व्हायोलिनच्या बाईंना थेट ईमेल करा, म्युझिक ऑफिसला नाही. एक ट्रायल लेसन मागा, बरेच जण आनंदाने देतात, ऑनलाइनही. विचारायचं ते असं: आठवड्याला लेसन अर्ध्या तासाचा की तासाचा, म्युझिक मेजर (मुख्य विषय) नसलेल्यांना वेगळी फी पडते का (काही ठिकाणी पडते, काही ठिकाणी माफ होते), सेमिस्टरअखेर ज्युरी (शिक्षकांसमोर वाजवून द्यायची परीक्षा) असते का, रिसायटलसाठी (स्वतःच्या वादनाच्या कार्यक्रमासाठी) पियानो साथीदार कॉलेज देतं का आणि बाई तिथे किती वर्षं आहेत. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, संकोच करू नका. बायॉलॉजीच्या लॅब दुपारी असतात आणि ऑर्केस्ट्राची रिहर्सल बहुधा संध्याकाळी, तरी कोणत्या वारी टक्कर होते ते दोन्ही डिपार्टमेंटना विचारून घ्या, यात अनेकांचं वाद्य सुटलेलं बघितलंय. व्हायोलिनच्या बाईंच्या फॅकल्टी रिसायटलचं रेकॉर्डिंग यूट्यूबवर असेल तर लेकीला ऐकू दे, तिला त्यांच्यासारखं वाजवावंसं वाटतंय का बघा.

कॉलेजला होकार बहुधा १ मेच्या आत कळवायचा असतो, म्हणून ईमेल या आठवड्यातच जाऊ दे, आणि तो लेकीनेच लिहावा, सोबत तिचं दोन-तीन मिनिटांचं रेकॉर्डिंग जोडून. उत्तर काय आलं ते इथे लिहा, मी बघेन.