'एलियन' पाहून झाला. दुसरा भाग 'एलियन्स' तितकाच भीतीदायक आहे की नुसतीच मारामारी?

तितका भीतीदायक नाही. पण नुसती मारामारीही नाही, त्यामुळे जरूर बघा.

१९७९ च्या सिनेमात भीती होती ती अज्ञाताची. तो प्राणी दिसतो कसा, येतो कुठून, मरतो कशाने, कोणालाच ठाऊक नव्हतं. पण हा डाव एकदाच चालतो. १९८६ साली जेम्स कॅमेरॉनने दुसरा भाग केला तोवर प्रेक्षकांची प्राण्याशी ओळख झाली होती. त्याने हीच गोष्ट कामाला लावली. या वेळी आपल्याला माहीत आहे, पहिल्या भागातून वाचलेल्या नायिकेला, रिप्लीला, माहीत आहे, पण तिचं कोणी ऐकून घेत नाही.

५७ वर्षं यानात झोपून राहिलेली रिप्ली सापडते, तर कंपनीचे साहेब तिच्यावर चौकशी बसवतात. जहाज का उडवलंस, याचा हिशेब द्या! आणि जिथे त्या प्राण्याची अंडी होती, तिथे आता बायकापोरांसह वसाहत झालेली. त्या वसाहतीशी संपर्क तुटल्यावर मात्र सैनिकांबरोबर सल्लागार म्हणून रिप्लीच हवी असते.

हे सैनिक भयंकर फुशारक्या मारतात. कॅमेरॉनच्या डोक्यात व्हिएतनाम होतं: हत्यारं भारी, समोरच्या शत्रूची समज शून्य. एका प्रसंगात ते अणुभट्टीखाली पोचतात आणि तिथे गोळी झाडली तर सगळंच उडेल, म्हणून त्यांच्याकडून काडतुसं काढून घेतली जातात. हा भाग लंडनच्या ॲक्टनमधल्या एका बंद पडलेल्या वीजकेंद्रात चित्रित केलाय. ती कळकट जाळी, ते पाइप सेटचे वाटतच नाहीत.

भीती हवी असेल तर कान उघडे ठेवा. सैनिकांकडे हालचाल टिपणारं यंत्र आहे. प्राणी जवळ येईल तसा त्याचा टुक-टुक आवाज चढत जातो. अंतर कमी होतंय, कमी होतंय, आणि समोर कोणीच नाही. पुढचं सांगत नाही. ध्वनिपरिणामांच्या संकलनाचं ऑस्कर याला मिळालं ते उगाच नाही. रिप्ली साकारणाऱ्या सिगर्नी वीव्हरलाही सर्वोत्तम अभिनेत्रीचं नामांकन होतं, जे अशा सिनेमाला सहसा कोणी देत नाही.

आवृत्ती निवडताना जपा. थिएटरची १३७ मिनिटांची, नंतरची वाढीव १५४ मिनिटांची. वाढीवमध्ये रिप्लीच्या मुलीचा प्रसंग आहे, आणि वसाहतीत सापडणाऱ्या न्यूट या पोरीवर ती इतका जीव का लावते, ते त्याने नीट उमगतं. पण तीच आवृत्ती वसाहत आधीच दाखवून टाकते, त्यामुळे सैनिकांसोबत अंधारात शिरण्यातली मजा जाते. पहिल्यांदा थिएटरचीच बघा.

आणि तिसरा भाग त्याच रात्री लावू नका. इथे शेवटी जे कमावलेलं असतं, ते तो सुरुवातीच्या काही मिनिटांतच घालवून बसतो.